तीन तासांची दुबई

त्या दिवशी सकाळपासनं आभाळ भरून आलतं बघा, पण पाऊस काय पडंना, नुसतं कोंदाटलं होतं. आमच्या घरधनिणीचं दहावं होतं. वेदगंगेच्या काठावर पिंड ठेवला, पण कावळा शिवंना.

आमचा सुरेश दुबईला असतोय. जाताना आईला म्हणाला होता, "दुबईस्नं मुंबई इमानानं तीन तास. निपाणीस्नं बेळगावला जाऊन यायला बी तेवढंच लागतंय की गं." तेवढ्यावर तिनं चार वरसं काढली. दुखण्यात बी येईल त्याला सांगायची, "पोरगं काय लांब न्हाय, तीन तासांवर हाय." त्याला रजा काय मिळाली न्हाय.

भाऊबंद हात जोडून दमले. "अण्णाला आम्ही सांभाळू," म्हणून सांगितलं, तरी कावळे झाडावरच. शेवटी शेजारचा मल्लाप्पा माझ्या कानाशी म्हणाला, "अण्णा, जीव पोरात अडकलाय. त्याचं काय तरी बोला."

मी पिंडाम्होरं हात जोडलं. म्हटलं, "सुरेश इमानात बसलाय गं. तीन तासांत येतोय."

एक कावळा खाली आला आन् चोच मारून गेला.

माणसं उठून पाण्याकडं गेली. मी तिथंच बसलो. मल्लाप्पा शेजारी टेकला.

"खरंच निघालाय व्हय?"

"न्हाय रं."

तो हळूच म्हणाला, "वैनी लई भोळी, अण्णा. मेल्यावर बी त्या तीन तासांवर इश्वास ठेवला."