बुटाला भंडारा

जोतीराम : फटफटीच्या गेरला हाताचा दांडा नगं म्हंजे नगं, बिराप्पा. गेर बदलाया टाकीवर हात नेलास की हॅन्डलवर एकच हात ऱ्हातोय. अन् समोर घळ. मग काय, हॅन्डल दातानं धरणार हायस?

बिराप्पा : तर पायानं गेर कसा घालू? उजवा घोटा वाकत न्हाई माजा. इटलीत सुरुंगावर गाडी गेली तवापास्नं लाकूड झालंय त्येचं. चवडा दांड्याखाली घालून उचलायचा म्हटलं की सगळी तंगडीच वर येती.

जोतीराम : उचलूच नगंस. ह्ये बघ, दांड्याला मागल्या अंगानं आनी एक पट्टी जोडलीया. फुडं चवड्यानं दाबायचं, मागं टाचंनं दाबायचं. घोट्याचं कामच न्हाई. जोर मांडीतनं.

बिराप्पा : थांब, बसून बघतो... पयला... आन् टाचंनं... आरं! बसला की दुसरा!

जोतीराम : बसंल न्हाई तर काय. आता मला मिस्त्री म्हन. गावात सगळी अजून लोहाराचा जोत्याच म्हनत्यात.

बिराप्पा : मागलं दात्याचं चाक बदललंस?

जोतीराम : मोठ्ठं घातलंय. साखळीला कड्या वाढवल्या. आता ती पळायची न्हाई, नुसती चढंल. सडकंवर सायकलवाला फुडं गेला तर शिव्या घालू नगंस. पर घळीतनं पठारावर दुसऱ्या गेरात सरळ जाशील, मधी बदलायची पाळी येनार न्हाई.

बिराप्पा : इंजिनाखाली काय ठोकलंस? काळं काळं दिसतंय.

जोतीराम : फुटक्या काहिलीचा पत्रा. दगूड लागला तरी इंजिन शाबूत. तापलं की गुळाचा वास सुटंल, मुंग्या लागल्या तर माज्या नावानं वरडू नगंस. धुराची नळी वर वळवलीया, ओढ्याच्या पान्यात बुडायची न्हाई. अन् दिवा काडून टाकला.

बिराप्पा : दिवा का रं?

जोतीराम : फुडलं वझं कमी. चढाला फुडलं चाक हलकं पायजे. अंधारात कुठं तमाशाला जानार हायस?

हरणाबाई : झालं का दोगांचं? ठाक ठाक ऐकून मेंढरं बी बिथरली माजी.

जोतीराम : या वैनी, या. तुमच्या धन्याची फटफटी तयार हाय.

हरणाबाई : तयार आसंल तर बरंच. उद्या विश्रामबागंचे लालासाहेब इकत न्यायला येनार हाईत तिला.

जोतीराम : आँ? बिराप्पा, ह्ये काय? मी महिनाभर घन मारला त्यो लालासायबासाटी?

बिराप्पा : हिनंच सांगावा धाडलाय त्यास्नी. पर बोली झालीया आमची. आज घळीतनं वर बिरोबाच्या देवळापत्तुर चढून उतरून आलो, तर गाडी ऱ्हाती. सोमवारपास्नं ढोरांच्या डाक्टराचं औषध पठारावरल्या वाड्यांवर न्यायचं काम माजं. न्हाई जमलं तर लालासायबाची.

हरणाबाई : अर्धीच बोली सांगतायसा. उजवा पाय भुईला टेकायचा न्हाई, ती सांगा की.

जोतीराम : टेकला म्हनून काय हुतंय वैनी?

हरणाबाई : काय हुतंय? लष्करातल्या डाक्टरानं सांगितलंय, ह्या पायाचा भरवसा धरू नगा. घरात काठी घेऊन चालत्यात. त्या घळीत गाडी कलली, पाय दिला आन् पाय मोडला, तर वर सगळं लोखंड पडंल. मी काय एकटीनं उचलू?

बिराप्पा : हरणे, अगं, पाय टेकायची पाळीच येनार न्हाई. त्याच्यासाटीच तर ह्ये सगळं केलंय.

हरणाबाई : मग फुडं करा त्यो बूट.

बिराप्पा : ह्ये काय?

हरणाबाई : बिरोबाचा भंडारा. पान्यात कालवून आनलाय. तळव्याला लावते. पाय टेकला की पुसनार, माती चिकटनार. मला फसवाल, देवाला न्हाई फसवायचं.

जोतीराम : आयला! लष्करात बी आसली तपासनी नसंल रं!

बिराप्पा : लाव. चांगला जाड लाव. जोत्या, चाकातली हवा कमी कर थोडी. दगडावर टायर बसला पायजे, उडाया नगं.

जोतीराम : किक?

बिराप्पा : तू मार, मी सीटवरनं उतरत न्हाई, भंडारा पुसंल. अशी... अशी... चल!

[फटफटी ओढ्याकडं निघून जाते.]

हरणाबाई : हळू! आवं, हळू म्हनते न्हवं!

जोतीराम : ऐकू जानार न्हाई त्येला, वैनी. बसा ह्या ऐरनीशेजारी.

हरणाबाई : तुमी सांगा कुठं गेले त्ये. मला नुसता फटफट आवाज येतोय.

जोतीराम : आता ओढ्यात हाय. बघा, आवाज जड झाला... पान्यात हाय... भायेर! नळी बुडली न्हाई. शाबास जोतीराम.

हरणाबाई : स्वताचीच पाठ थोपटताय व्हय?

जोतीराम : दुसरं कोन थोपटतंय? आता घळीला लागला. दुसऱ्यात हाय. ऐका, एकसारखा आवाज. कुठं अडखळत न्हाई. आसाच जाऊ दे बाबा...

हरणाबाई : भावजी, थांबला.

जोतीराम : काय?

हरणाबाई : आवाज. आवाज थांबला.

जोतीराम : टेकाडाआड गेला आसंल.

हरणाबाई : टेकाडाआड गेल्यावर बारीक हुतो, तुटत न्हाई. तुटला त्यो. चला. उठा!

जोतीराम : दम धरा वैनी, जरा...

हरणाबाई : काय दम धरू? मीच घातली ती मेली बोली. गप लालासायबाला देऊन टाकायची हुती, न्हाईतर गप ठेवायची हुती. माज्या घराला मीच आग लावली.

जोतीराम : आवं, रडू नगा.

हरणाबाई : लढाईवनं आल्यावर भितीला टेकून बसायचे, भावजी. भाकरी फुडं ठेवली तर गार हुयाची. बोलायचे न्हाईत, भांडायचे बी न्हाईत. ही गाडी आनली, तुमच्याकडं याया लागले, आन् पंधरवड्यात कालवनाला नावं ठेवाया लागले. मला एवढं बरं वाटलं म्हनून सांगू! आन् त्याच गाडीनं आता...

जोतीराम : मग लालासायबाला सांगावा का धाडला तुमी?

हरणाबाई : भ्या वाटलं म्हनून! गेल्या साली औषध ओढ्याअलीकडं ऱ्हायलं, पठारावर आमची निम्मी मेंढरं मेली. त्ये दिसतंय मला. पर मेंढरं परत घेता येत्यात. चला, घोंगडं घ्या, झोळी करून आनू त्यास्नी.

जोतीराम : घेतो. घोंगडं घेतो. चला... थांबा! थांबा वैनी. चालू नगा. ऐका.

हरणाबाई : काय?

जोतीराम : पेटली. पेटली बघा! चढतोय. गडी चढतोय! ...वर गेला. पठारावर हाय त्यो. बिरोबाच्या नावानं चांगभलं!

हरणाबाई : बसते मी. घोंगडं ठेवा खाली.

जोतीराम : बसा बसा. आता उतरायला कितीसा येळ लागतोय... ओढा वलांडला. आला बघा, चिखलात माखून आलाय म्हसरावानी!

बिराप्पा : जोत्या! काय गाडी झालीया रं! देवळाला सीटवरनंच हात जोडले.

हरणाबाई : लागलं का कुठं?

बिराप्पा : न्हाई.

हरणाबाई : बघू बूट. करा की फुडं.

जोतीराम : आरं द्येवा. भंडारा कुठाय? नुसता चिखूल.

हरणाबाई : सगळाच धुऊन गेला?

जोतीराम : जानारच! जाताना ओढा, येताना ओढा. आन् तुमी कालवला पान्यात! माज्याकडं तेलाचा डबा पडलाय वैनी, मला इचारायचं तर!

हरणाबाई : ओढा हाय ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाई.

जोतीराम : मग टेकला का न्हाई, ह्येचा पुरावा न्हाई. म्हंजे टेकला न्हाई. बोली जितली. चला, च्या टाका.

बिराप्पा : टेकला.

जोतीराम : गप की रं!

बिराप्पा : टेकला, जोत्या. देवाचा भंडारा हुता, खोटं कसं बोलू? घळीत मागलं चाक सरकलं, गाडी उजवीकडं कलली, इंजिन बंद. पाय आपसूक खाली गेला.

हरणाबाई : आन्?

बिराप्पा : आन् काय न्हाई.

हरणाबाई : काय न्हाई म्हंजे? दुखला? वाकडा झाला?

बिराप्पा : धरली त्यानं. सगळी गाडी त्या पायावर आली आन् पायानं धरली, हरणे. मी डोळं मिटून मोडायची वाट बघत हुतो. मोडलाच न्हाई. मग हसायलाच आलं मला. येकटाच हसत बसलो घळीत.

हरणाबाई : आन् आमी हितं घोंगड्याची झोळी करत हुतो!

बिराप्पा : तिथं हुबा ऱ्हाऊन किक मारता येईना. मग गाडी फिरवून उतारावर सोडली, क्लच सोडला, पेटली. खाली गेलो, परत दुसऱ्यात घेतली, चढलो. दुसऱ्या बारीला न्हाई टेकला. पर बोली ती बोली. उद्या लालासाहेब आले की गाडी दे त्यास्नी.

जोतीराम : वैनी, तुमी सांगा की त्येला. महिनाभर घन मारलाय मी.

हरणाबाई : काठी कुठाय तुमची?

बिराप्पा : काठी? हितंच भितीला हाय, सकाळपास्नं.

हरणाबाई : मग आता गाडीपास्नं हितवर कशानं आलासा?

बिराप्पा : ...आरं, व्हय की.

जोतीराम : आयला, मी बी बघितलं न्हाई!

हरणाबाई : लालासायबास्नी च्या पाजू, भाकरी खाऊ घालू आन् वाटंला लावू. मला काय म्हनायचं त्ये म्हनू देत. भावजी, मागं बसाया कायतरी मऊ लावा. वरल्या वाड्यावर माज्या भनीला, बयाबाईला भेटाया जायचंय मला.

जोतीराम : लावतो! नऊवारीत ऐटीत बसाल, घोड्यावर बसल्यागत.

बिराप्पा : तू बसनार? त्या घळीतनं?

हरणाबाई : घळीत उतरंन आन् चालंन. तुमी बोलत बसू नगा. वाटीत भंडारा उरलाय थोडा, वाळाय लागलाय, गाडीला लावते. दिवा काडून टाकलासा, आता हिचं कपाळ कुठलं म्हनायचं, तेवढं दावा मला.