मूळ आवाजाचे स्पीकर

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या दुरुस्तीच्या दुकानात कस्तुरी मिक्सरची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावरून मराठी ऐकू आलं आणि तिने कान टवकारले. एक तरुण आणि त्याची मावशी बसले होते. समोरच्या टेबलावर दोन जुने स्पीकर उघडून ठेवले होते.

“अवधूत, ही डबडी कुठल्या भंगारातून उचललीस रे?”

“डबडी काय गं मावशी? व्हिंटेज आहेत, माझ्या जन्माआधीचे. असा मूळ आवाज आता मिळत नाही.”

“मग स्वल्प लावून दाखव की.”

“आत्ता नाही वाजणार. आतला कागदी कोन फाटलाय, तो बदलतायत. वायरी बदलतील, पुढचं कापडही नवीन लावतील.”

“मग त्यात डोंबलाचं मूळ राहिलं काय?”

“पेटी! अस्सल सागवानी आहे. जुन्या वस्तू जपाव्या लागतात, मावशी. एकदा नीट खर्च केला की पुढे वर्षानुवर्षं कटकट नाही.”

“हे आमच्या अक्काला सांगितलंस?”

“आईला कशाला? तिला काय कळणार यातलं?”

“का नाही कळणार? डॉक्टरांनी तिचे गुडघे बदलायला सांगितले, तेव्हा तूच म्हणालास ना, ‘आई, आता या वयात कशाला?’”

अवधूतने फोन काढला आणि त्यात डोकं घातलं.

आतून दुकानदाराने विचारलं, “सर, दुसऱ्याचा पण कोन बदलू?”

“बदला की अण्णा,” मावशीच म्हणाली. “त्याचं कुठं वय झालंय!”