हिरवा ठिपका

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या काकूंनी कान टवकारले, कारण शेजारच्या बाकावर माय-लेकाची जुंपली होती.

"आई, दवाखान्याचं वायफाय जोडलंय. मी दाढ काढून येईपर्यंत या लॅपटॉपवर बोट फिरवत राहा. हा ठिपका हिरवाच राहिला पाहिजे."

"आणि पिवळा झाला तर?"

"तर साहेबांना कळेल मी कामावर नाही. बढती गेलीच समज."

"दाढ काढायला रजा मागायची लाज वाटते होय रे?"

"साहेब स्वतः कधी रजा घेत नाहीत गं! त्यांचा ठिपका बघ, सकाळपासून हिरवागार."

मुलगा आत गेला. थोड्या वेळाने लॅपटॉप वाजायला लागला. आईने दिसेल ते बटण दाबलं आणि विचारलं,

"कोण बोलतंय?"

"अगंबाई, लागला की काय फोन! मी साहेबांची आई. तो सकाळीच बाहेर पडलाय, आता केस कापायला गेलाय आणि मला बसवलंय इथे बोट फिरवत. चुकून काहीतरी दाबलं गेलं."

"ठिपका हिरवा ठेवायला?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अहो बाई, मीही तेच करतेय! माझा लेक आत दाढ काढून घेतोय."

"माझं तर बोट आखडलं हो सकाळपासून."

काकू दुखणं विसरून पुढे सरकल्या.

तासाभराने तोंडात कापूस कोंबलेला मुलगा बाहेर आला आणि त्याने पडद्यावरचं नाव वाचलं.

"आई... साहेब?"

"साहेबांच्या आईशी मीटिंग चाललीय, मध्ये बोलू नकोस. तुझी आजची रजा त्यांनी मंजूर केली."

"आणि साहेब?"

"त्याची मी केली."