सुफियासाठी थांबलेली जीप

केंदूरच्या जीपमध्ये रतनबाई शेजारच्या खातूनबींच्या नातीला निरखत होत्या.

"लघवीतनं लई रक्त जायचं म्हनं सुफियाच्या?"

"व्हय वो. लघवीची पिशवीच काढायची पाळी आली हुती. मंग मांडीतनं बारीक नळी घातली, टीव्हीवर बघत बघत, आन् फुटलेली शीर आतनंच बुजवली."

"आन् टाके?"

"एकबी न्हाई."

"मंग फसवलं तुम्हाला!" टाक्याबिगर ऑपरेशन रतनबाईंना काही पटेना.

"दादी, मला लागलीय."

"परत?" ड्रायव्हर करवादला, पण थांबला.

खातूनबी नातीमागं बाभळीआड धावल्या. थोड्या वेळानं ड्रायव्हरच ओरडला, "मामी, रंग कसाय?"

"पान्यावानी!"

सुफिया लाजत जीपमध्ये चढली. रतनबाईंनी तिला मांडीवर ओढलं.

"आनखी लागली तर सांग गं. जीप थांबंल."