टाकी दिसतेय का?

सून : साहेब, पण अहवालात ‘इशारा धुडकावून’ हे शब्द घालायलाच हवेत का? उद्या माझा मुलगा मोठा होऊन वाचेल ते.

तपास अधिकारी : वहिनी, हवामान कार्यालयाने तुमच्या यजमानांना दोनदा बजावलं होतं. ढग डोंगराला टेकलेत, आज उडू नका. तरी ते छोटं विमान काढून एकटेच निघाले, आणि घर चार किलोमीटरवर असताना डोंगरावर आदळले. दुसरं काय लिहू?

सासरे : कार्यालयवाल्यांचं काय जातं! जरा कुठे ढग दिसला की यांची बोंबाबोंब. चाळीस वर्षं पोरांना उडायला शिकवलंय मी. माझा मुलगा उतावळा नव्हता.

अधिकारी : काका, निघण्याआधी त्यांनी घरी फोन केला होता. चार वाजून दहा मिनिटांनी. कोण बोललं?

सून : उचलला मी. हात साबणाचे होते, म्हणून लगेच बाबांकडे दिला. तो नेहमीचंच विचारायला करायचा. टाकी दिसतेय का.

अधिकारी : कसली टाकी?

सून : डोंगरावरची, पाण्याची. या खिडकीतून दिसते. ती दिसली की ढग वर आहेत, यायला हरकत नाही. लग्न झाल्यापासून बघतेय मी हे.

सासरे : त्याच्याही आधीपासून. मीच लावलेली सवय.

अधिकारी : मग त्या दिवशी काय सांगितलंत?

सासरे : दिसतेय म्हणालो. दिसत होती.

अधिकारी : टाकीवरचा चौकीदार म्हणतो, तीन वाजल्यापासून त्याला स्वतःच्या दारातली पायरी दिसत नव्हती.

सासरे : झोपला असेल लेकाचा!

सून : मीच मान वळवून बघायला हवं होतं. खिडकी माझ्या पाठीशी होती. किती वेळ लागला असता?

सासरे : तू कशाला जिवाला लावून घेतेस? मी बघितलं ना! साहेब, म्हातारा म्हणून मला मोडीत काढू नका. ही काय समोर, आत्ताही लख्ख दिसतेय. शिडीसकट.

अधिकारी : वहिनी...

सासरे : काय झालं? गप्प का झालात दोघं?

सून : पडदा ओढलाय, बाबा.

सासरे : केव्हा?

सून : तो गेला त्या दिवसापासून. मला बघवत नाही ती टाकी.



अधिकारी : काका, कधीपासून?

सासरे : वर्ष झालं. उजेड तेवढा कळतो. सांगणार होतो त्याला. पण ‘बाबा, टाकी?’ म्हणून विचारायचा हो! तेवढ्या एकाच कामाचा उरलो होतो मी. एरवी हिला बोलता बोलता विचारून घ्यायचो, आज ऊन आहे का म्हणून. त्या दिवशी नळ चालू होता. समोर पांढरं दिसलं, म्हटलं असेल ऊन.

सून : मला विचारायचं होतंत, बाबा. एकदा हाक मारायची होतीत.

सासरे : हो.

अधिकारी : काका, हे लिहायलाच हवं असं नाही. आता त्याने काय बदलणार?

सासरे : बदलतं. ते शब्द खोडा आधी. इशारा धुडकावून नाही निघाला तो. बापाला विचारून निघाला.