उंदीर जागा, देव पेंगुळलेला

हां, झांजा आता मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्ही घोटभर पाणी प्या. आणि मंडळी, तुम्ही — तुम्ही जमलं तर डोळे उघडा! नाही, दोष तुमचा नाही. ह्या देवस्थान कमिटीने आधी मोदक वाढले आणि मग कीर्तन ठेवलं! मोदकावर तूप, मसालेभातावर तूप — आणि आता म्हणतात, बुवा, भक्तिमार्ग समजावून सांगा! कुणाला सांगू? त्या खांबाला? तो तरी ताठ उभा आहे!

बरं, एकच प्रश्न विचारतो. माणसाच्या अंगातली शक्ती म्हणजे सकाळी भरलेली घागर. संध्याकाळी नुसता खडखडाट. मग त्या घागरीतलं पहिलं पाणी कुठे घालायचं? तुळशीला, की पायपुसणं धुवायला? हसताय! सोपं वाटतंय ना? मग ऐका.

पेणच्या बाजूला एका गावात हसूराम म्हात्रे नावाचा मूर्तिकार. घरालाच लागून गणपतीचा कारखाना. आता मूर्ती कशी होते? माती, साचा, वाळवण, रंग, सोनेरी — आणि सगळ्यात शेवटी डोळे. त्याला म्हणतात आखणी. आखणी झाली की देव. तोवर सोंड लावलेली माती! आणि हसूरामची आखणी म्हणजे काय सांगू! बारीक कुंचला, श्वास रोखलेला — ही वरची रेघ, ही खालची, मध्ये बुबुळ, त्यात पांढरा ठिपका — की देव टक्क बघायलाच लागायचा. लोक म्हणायचे, ह्याच्या गणपतीसमोर खोटं बोलवत नाही. एक वकीलसाहेब तर दहा दिवस अशिलांना मागच्या दाराने घ्यायचे!

बाप होता तोवर हसूरामला एकच काम. सकाळी आंघोळ करायची, गूळपाणी प्यायचं, आणि कुणाशी न बोलता आखणीला बसायचं. बाप गेला, आणि हसूराम झाला शेठ. मंडळी, माणूस शेठ झाला की पहिली गोष्ट काय जाते? झोप? नाही हो — सकाळ जाते!

उठला की फोन. “शेठ, आमच्या बाप्पाचं पितांबर पिवळं नको, आंबा कलर द्या.” दिला! “शेठ, टेम्पो खड्ड्यात अडकला.” धावला! रंगाच्या दुकानदाराशी भांडण, पत्रा गळतोय, पुठ्ठे आले नाहीत. आणि मध्ये मोकळा वेळ मिळाला तर? तर उंदीर! गणपतीच्या पायाशी बसायचे उंदीर ओळीने मांडलेले. त्यांचे डोळे म्हणजे काय, टिकली टेकवली की झालं. बसायचा आणि रांगच्या रांग उरकायचा. काम हातावेगळं झालं की कसं बरं वाटतं! वाटतं ना? तुम्हालाही वाटतं, मला माहीत आहे.

बायको सुगंधा विचारायची, “अवो, देवांची आखणी कधी?”

“बारकीसारकी कामं उरकू दे गो. मग निवांत बसतो.”

निवांत! मंडळी, तुमच्यापैकी कुणी ह्या निवांतला समोरासमोर भेटलंय? हात वर करा! बघा, एकही नाही. मूर्तीत डोळे शेवटी येतात, म्हणून ह्या शहाण्याने ते दिवसातही शेवटी नेऊन ठेवले!

मग दुपार. वालाचं बिरडं, गरम भात, वर ताक. आणि पाटावर भिंतीला टेकून हसूराम आखणीला बसायचा. रेघ ओढली — जांभई. बुबुळ भरलं — जांभई. पापणी जिथे थांबायची तिथून थोडी खालीच उतरायची. त्याची आणि देवाची, दोघांची!

हरतालिकेच्या आदल्या दिवशी अनुसयाकाकू टिपणीस आल्या. जुनं गिऱ्हाईक. हसूरामच्या आजोबांपासून त्यांच्याकडे ह्याच कारखान्यातला गणपती. मुलं परदेशी, घरात काकू एकट्या. वर्षातून एकदा घरात कुणी राहायला येणार, ते म्हणजे हा! काकूंनी फडकं बाजूला केलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

“हसूराम, हा झोपलाय का रे?”

“काय बोलता काकू!”

“नाही, बघ ना. मी मेली महिनाभर वाट बघतेय, आणि ह्याला माझ्याकडे यायचा कंटाळा आलेला दिसतोय.”

हसूरामने बघितलं. खरंच! शेल्फावरचा दुसरा बघितला — तोही पेंगुळलेला. तिसरा तर आता घोरेल असा! सगळी फळीच्या फळी मोदक खाऊन लवंडलेली. काकू काही भांडल्या नाहीत. “उद्या येते,” म्हणाल्या आणि पिशवी रिकामीच घेऊन गेल्या. ती रिकामी पिशवी हसूरामला फार लागली.

तो कुंचला घेऊन बसला. रेघ ओढली — ती परत खालीच उतरली. मग कुंचला ठेवून दिला आणि म्हणाला, “सुगंधा, माझा हात गेला. पलीकडच्या आळीत ते छापाचे डोळे मारतात ना, रंगाच्या पंपाने? उद्यापासून आपले देव तिकडं पाठवू.”

मंडळी, ही थट्टा नाही. ज्या हातासाठी लोक चार गावं ओलांडून यायचे, तो हात गेला म्हणतो माणूस! बापाने त्याला दुसरं दिलं होतं काय? तोंड फिरवून रडला हो तो.

सुगंधा खाली वाकली. अनुसयाकाकूंच्या मूर्तीच्या पायाशीच उंदीर होता. तो उचलून तिने नवऱ्याच्या नाकासमोर धरला. उंदीर कसा? टक्क जागा! डोळे लखलखीत! आता लाडू घेऊन पळेल असा!

“ह्याचे डोळे कुणी काढले?”

“मीच.”

“कधी?”

“सकाळी.”

“आणि देवाचे?”

हसूरामने एकदा उंदराकडे बघितलं, एकदा देवाकडे.

“हात कुठं गेला नाय तुमचा,” सुगंधा म्हणाली. “सकाळी उंदराला देऊन टाकता, आणि दुपारी देवापुढं रिकामे बसता!”

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसं सुगंधाने नवऱ्याचा फोन घेतला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. खोल! दाराला बाहेरून कडी घातली, आणि स्वतः दारातच पाट टाकून बसली. हरतालिकेचा कडकडीत उपास, त्यात ही गर्दी! टेम्पोवाला आला. “शेठ कुठायत?” “कामात.” पुठ्ठेवाला आला. “एकच मिनिट.” “एक पण नाय.” एक पुढारी आले, म्हणाले, मला ओळखलं नाही का? “ओळखलं म्हणूनच बसा म्हणते!” आणि गंमत बघा — तेवढ्या वेळात जग बुडालं का? टेम्पोवाल्याने चहा घेतला. पुठ्ठेवाला पुढाऱ्यांशी गप्पा मारत बसला. पितांबराचा आंबा कलर डब्यात वाजून वाजून थकला.

आत हसूराम. आंघोळ केलेला, गूळपाणी प्यायलेला. काकूंच्या गणपतीच्या जुन्या डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारून वाळवलेला. बाहेर कलकल, आत काही नाही. पहिल्या रेघेला जरा भ्यायला बिचारा. मग श्वास रोखला. आणि हात चालला, मंडळी! रेघ जिथे थांबायची तिथेच थांबली!

अनुसयाकाकू आल्या. सुगंधाने कडी काढली. काकू पुढे गेल्या, फडकं बाजूला केलं. आणि काय केलं माहीत आहे? रडल्या नाहीत. खांद्यावरचा पदर सावरून नीट डोक्यावरून घेतला. कुणी आपल्याकडे बघितलं की बाई घेते ना, तसा!

हसूरामला दुसरी पावती लागली नाही.

तर आता सांगा, तुमचा उंदीर कोणता? उठल्या उठल्या गादीवरच फोन उघडता — ताजे डोळे, ताजं डोकं, आणि कुणाला वाहता? कुठल्या तरी ग्रुपवरच्या गुलाबाच्या फुलाला! ऑफिसात जाऊन पहिला तास खुर्चीच्या भांडणात घालवता, आणि खरं काम जेवणानंतर जांभया देत! मग घरी येता; पोर म्हणतं, बाबा बघा ना — आणि तुम्ही बघता, पण कसे? हसूरामच्या दुपारच्या गणपतीसारखे! आणि वर सांगता, वय झालं, पहिल्यासारखं होत नाही. होतं हो! दिवसाचा पहिला तास उंदराकडून परत घ्या.

आणि उरलंसुरलं अंग घेऊन माझ्या कीर्तनाला आलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते गाभाऱ्यात बघा. ह्या मूर्तीचे डोळे कुणीतरी सकाळी काढलेत. तो टक्क जागा आहे, आणि मघापासून तुमच्याकडेच बघतोय. तेव्हा पदर सावरा, टोप्या नीट करा, पाठी ताठ करा — आणि देवाला जाग येईल असं नव्हे, तुम्हाला जाग येईल असं म्हणा: मोरया!