जमिनीखालची टाकी जमिनीवर

…आता तुम्हीही तेच विचारणार! विचारा, विचारा, लाजू नका. फाटकातून आत येणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो, पोस्टमन विचारतो, दूधवाला विचारतो, गॅसवाला तर सिलिंडर खांद्यावरून उतरवायच्या आधी विचारतो. अहो, टाकी आहे ती! पाण्याची टाकी! जमिनीखालची! …हो, ती जमिनीच्या वर आहे हे दिसतंय मला, डोळे आहेत मला! पण मुळात ती जमिनीखालचीच. फक्त सध्या अडीच फूट वर आलीय, एका अंगाला कललीय आणि अंगणातल्या चार फरश्या बरोबर घेऊन आलीय. आणि लोक मलाच विचारतात, 'सर, ही वर कशी हो आली?' मला! एकतीस वर्षं शिकवलंय मी हे!

शाळेत शिकवलंय. विज्ञान. दरवर्षी तोच धडा, वस्तू तरंगतात का आणि बुडतात का. काचेचं भांडं घ्यायचं, पाणी भरायचं, लिंबू टाकायचं, लिंबू तरंगतं, साल काढून टाकायचं, बुडतं, सगळा वर्ग 'आऽऽ' करतो. मग नाणं टाकायचं, बुडतं. मग पातळ पत्र्याची वाटी अलगद सोडायची, तरंगते. आणि मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, वस्तूनं जेवढं पाणी बाजूला सारलं त्या पाण्याच्या वजनाइतक्या जोरानं पाणी तिला वर ढकलतं. म्हणा! पुन्हा म्हणा! मागचा बाक, तोंडं हलतायत, आवाज येत नाही! …तुम्हाला सांगतो, झोपेत उठवून विचारलंत तरी सांगेन मी. एकतीस वर्षं!

आता झालं काय, रिटायर झालो आणि हे घर बांधलं. माझी हौस. अंगण, झाडं, स्वतःचं पाणी, डोक्यावर कुणी खुर्च्या सरकवत नाही. आमच्या हिला हवा होता फ्लॅट. कुठला? तर हिच्या भावाच्या इमारतीत, त्याच्याच समोरचा. म्हणजे माझा मेहुणा सकाळी दार उघडणार आणि समोर मी! मी म्हटलं, बाई गं, एक वर्ष दे. एक वर्ष राहून बघ. घरानं त्रास दिला तर विकू, तुझ्या भावाच्या समोर जाऊन राहू, मी चकार शब्द काढणार नाही. ही म्हणाली, 'चकार शब्द? तुम्ही?' मी म्हटलं, शब्द दिला.

तर वर्ष संपत आलं होतं. त्या रविवारी पुरं होणार होतं, आणि त्याच रविवारी मेहुणा येणार होता, हातात फ्लॅटचा नकाशा घेऊन. आणि सांगतो, वर्षभर मी त्या घराला तळहातावर जपलं. दार करकरलं की तेल. छत ओलं दिसलं की भेगेत लांबी भरायची. एकच तक्रार उरली होती, मागच्या खेपेला मेहुणा पाणी प्यायला आणि नाक वर करून म्हणाला, 'भाऊजी, पाण्याला वास येतोय का हो?' झालं! त्या दिवसापासून हिलाही यायला लागला. त्याआधी अकरा महिने तेच पाणी पीत होती, काही नाही, भावानं नाक वर केलं आणि हिला वास!

म्हणून मी ठरवलं, रविवारी सकाळी टाकी उपसायची, आत उतरायचं, घासूनपुसून लख्ख करायची. दहाच्या आत. मेहुणा यायच्या आत. तर ही म्हणते, 'अहो, मिस्त्री काय म्हणाले होते?'

आता हा मिस्त्री. घर बांधणारा. चौथी शिकलेला, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. टाकी पुरताना मला म्हणाला होता, 'सर, इथं जवळ कालवा आहे. कालव्याला पाणी सुटलं की जमिनीत पाणी चढतं. खाली काँक्रीट टाकून टाकी पट्ट्यांनी बांधून घेऊ.' मी हसलो. खरं सांगतो, मोठ्यानं हसलो. म्हटलं, मिस्त्री, टाकी काय म्हैस आहे, पळून जायला? तर तो पेन्सिल दुसऱ्या कानावर ठेवत म्हणाला, 'मग निदान कालवा चालू असताना रिकामी करू नका. वर येईल.' वर येईल! आणि मी त्याला, त्या भर उन्हात, विटांच्या ढिगावर उभा राहून, लिंबापासून सगळा धडा शिकवला! मिस्त्री, तरंगायला द्रव लागतो, द्रव! ही माती आहे. मातीत वस्तू तरंगत असत्या तर बटाटे वर येऊन बसले असते! एकतीस वर्षं शिकवलंय मी हे! तो 'बरं' म्हणाला. बरं म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही काय करणार?

तर त्या रविवारी कालवा चालू होता. आठ दिवस झाले होते. अंगण ओलं होतं, फरशीवर पाय ठेवला की फटीतून पाणी येत होतं, पिच्च… पिच्च… मला दिसत होतं, ऐकू येत होतं, वाटीही माहीत, लिंबूही माहीत! डोक्यात येतंय का काही? छे! मी पंप लावला, टाकी उपसली, आत एक स्टूल सोडलं, त्यावरून उतरलो आणि लागलो घासायला.

आता टाकी अशी, की आत उभं राहिलं की मी खांद्यापर्यंत आत आणि डोकं तेवढं अंगणात. ही समोर उभी, बादली घेऊन. मला दिसत होते हिचे पाय. फक्त पाय, चपला, पैंजण. मी घासतोय, बोलतोय, बघ कशी लख्ख झाली, तुझ्या भावाला म्हणावं आता लाव नाक… आणि कुठूनसा आवाज आला, टक्. मी म्हटलं, काय फोडलंस? ही म्हणाली, 'मी काही नाही फोडलं.' पुन्हा टक्. आणि माझ्यासमोर हिचे गुडघे आले. मला वाटलं, ही खाली बसतेय. म्हटलं, अगं, दमलीस तर आत जा. मग हिची कंबर आली. म्हटलं, ही आता आडवी होतेय की काय! आणि मग, तुम्हाला सांगतो, ही वाकून थेट माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि शांतपणे म्हणाली, 'अहो, तुम्ही वर येताय.'

वर येतोय! मी! ब्रश हातात! टाकी चिखलातून सुटली होती, 'बुडुक' असा आवाज, आणि मी आपला राजासारखा उभा, चाललोय वर, फरश्या चहूबाजूंना कलंडतायत, नळी तुटली, आतलं स्टूल मोडलं, आणि टाकी कलून थांबली. बाहेर यायला आधार नाही. आणि त्याच क्षणी, काय नेम साधावा माणसानं, फाटक वाजलं. मेहुणा! बगलेत नकाशा. त्यानं मला बघितलं, टाकीला बघितलं, पुन्हा मला बघितलं आणि म्हणाला, 'भाऊजी, उंची वाढवली का?'

मी ओरडलो, मला बाहेर काढा! ही म्हणाली, थांबा, मिस्त्रींना विचारते. मला आधी बाहेर काढ, मग विचार! नाही. फोन लावला. 'मिस्त्री, टाकी वर आली. …हो, रिकामी केली. …हो, मी म्हटलं होतं. …सर? सर आत आहेत.' मग ऐकत राहिली, मान डोलावत राहिली, आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाली, 'मिस्त्री म्हणतात, आतच ठेवा. वजन लागेल.'

वजन! एकतीस वर्षं जो वजनाचे नियम शिकवत आला, त्याचा शेवटी उपयोग काय, तर वजन! मेहुण्याला बादल्या आणायला लावल्या. तो आणतोय, ओततोय, माझ्या अंगावर, गार पाणी, आणि प्रत्येक बादलीला म्हणतोय, 'सॉरी हं भाऊजी.' घोटा… गुडघा… कंबर… आणि तिथं उभ्या उभ्या, दात वाजत असताना, मला धडा कळला हो! टाकीनं दोन हजार लिटरची जागा अडवलेली. बाहेर सगळा ओला चिखल, म्हणजे पाणीच की. ते पाणी टाकीला जवळजवळ दोन हजार किलोच्या जोरानं वर ढकलत होतं, वर्षभर, दर वेळी कालवा सुटला की! आतलं पाणी तिला खाली दाबून होतं म्हणून ती गप होती. आणि मी ते काढलं. उरलं काय? प्लॅस्टिकची टाकी साठ किलो आणि आत मी बहात्तर. वाटी! वाटी झाली हो तिची! आणि मी हे सगळं तिथंच मोठ्यानं सांगायला लागलो, बघा, आता पाणी कमरेला आलं तर मी हलका झालो, पण टाकीला मी तेवढाच जड, का? कारण… तर ही म्हणाली, 'तोंड मिटा, पाणी जाईल.'

मिस्त्री आला. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला असता तर मी भांडलो तरी असतो! पण त्यानं टाकीभोवती फेरी मारली, सळई खुपसली आणि म्हणाला, 'खाली वाळू सरकलीय. आता भरली तरी बसणार नाही. खणून काढावी लागेल. दोन दिवसांचं काम.' मग मला दोन्ही बगलांतून धरून काढलं, लोणच्यातल्या फोडीसारखं.

मी ओलाचिंब पायरीवर बसलो. आणि मेहुण्यानं, तुम्हाला सांगतो, नकाशा पसरला. कुठं? टाकीवर! 'ताई, हॉल बघ. ताई, स्वयंपाकघर बघ, थेट आमच्यासमोर. वर्ष झालं ना पुरं? मग सांग आता.' शब्द दिलेला. घरानं त्रास दिला, उघड दिला, फरश्या फोडून दिला! मी त्या झाडांकडे बघून घेतलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं, पण मी आधीच भिजलेला, कुणाला कळतंय!

आणि ही म्हणाली, 'नको रे. आम्ही इथंच राहणार.'

मी उठलोच! म्हटलं, मिस्त्री, मंगळवारी या, खणा, बांधा, काँक्रीट टाका, म्हणाल तसं! तर ही म्हणाली, 'कशाला? मिस्त्री, नळी तेवढी जोडून द्या. टाकी अशीच राहील.'

'अशीच? अगं, अंगणाच्या मधोमध?'

तेव्हा ही माझ्याकडे वळली. चिडलेली नव्हती, अजिबात नव्हती, उलट इतकी खूश मी हिला लग्नातही बघितलेली नाही. म्हणाली, 'शाळेला शिकवलंत, तसं घरी मलाही शिकवलंत. दूध का उतू जातं ते शिकवलंत, धुतलेलं का वाळत नाही ते शिकवलंत, माझं डोकं का दुखतं तेसुद्धा मलाच शिकवलंत. आणि दर वेळी बरोबर! एकदा तरी चुकाल म्हणून वाट बघत होते मी. आता एवढी मोठी चूक हाती लागलीय, दोन हजार लिटरची, ती मी पुरून टाकू?'

मेहुण्यानं नकाशा गुंडाळला. मिस्त्रीनं नळी जोडली.

तर घर राहिलं. अंगण राहिलं. पाण्याला वासही येत नाही. फक्त हल्ली मी काही समजावून सांगायला लागलो ना… काहीही, अगदी बरोबर असलेलं… तर ही वाद घालत नाही, उलट बोलत नाही. उठते, आणि अंगणाकडची खिडकी उघडते.